अलहंब्राची भिंत कशी वाचायची?

स्पेनची सहल करून आलेला ओळखीचा माणूस ग्रानादा शहरातल्या अलहंब्रा या जुन्या राजवाड्याचे फोटो दाखवायला बसला की एक गोष्ट हमखास घडते. पहिल्या पाच-सहा फोटोंवर तो रेंगाळतो, दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवतो. विसाव्या फोटोपर्यंत बोट भराभर सरकायला लागतं. शेवटी तो म्हणतो, ‘सुंदरच आहे सगळं, पण नंतर नंतर सारखंच वाटायला लागलं.’

पहिल्या भेटीत माझंही तेच झालं होतं. तिसऱ्या दालनात डोळे थकले. भिंतभर बारीक नक्षी, छतभर नक्षी, कमानीवर नक्षी, आणि नजर टेकवायला जागा कुठेच नाही.

आपल्याकडच्या देवळाच्या भिंतीपुढे आपण असे हरवत नाही. शंख-चक्र दिसलं की विष्णू, सोंड दिसली की गणपती, दहा तोंडं दिसली की रावण. आजीकडून ऐकलेल्या गोष्टीच तिथे दगडात भेटतात. अलहंब्राच्या दालनांत अशा आकृत्या जवळजवळ नाहीत. त्या भिंतींची बाराखडी निराळी आहे. ती अवघड नाही, फक्त कोणी आपल्याला शिकवलेली नसते. या लेखात ती जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडतो आहे.

टेकडीवरचा लाल किल्ला

‘अल-हमरा’ म्हणजे अरबीत ‘लाल’. टेकडीच्या तांबूस मातीतूनच तटबंदी उभी राहिली, म्हणून हे नाव. स्पॅनिश उच्चारात ‘ह’ गळतो आणि स्थानिक माणूस ‘आलांब्रा’ म्हणतो.

इ. स. 711 मध्ये मुस्लिम सैन्य जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आजच्या स्पेनमध्ये आलं आणि पुढची कित्येक शतकं तिथल्या मोठ्या भूभागावर अरबी बोलणाऱ्यांचं राज्य राहिलं. तेराव्या शतकात ते झपाट्याने आटलं. 1236 मध्ये कॉर्डोबा गेलं, 1248 मध्ये सेव्हिल. उरलं ते दक्षिणेचं डोंगराळ ग्रानादा. तिथे 1238 मध्ये नसरी घराण्याच्या पहिल्या मुहम्मदाने या टेकडीवर बांधकाम सुरू केलं. शेजारच्या कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजांना खंडणी देत, कधी लढत, कधी तह करत हे छोटं राज्य अडीचशे वर्षं टिकलं. 2 जानेवारी 1492 रोजी शेवटच्या सुलतानाने चाव्या फर्डिनंड आणि इझाबेला या ख्रिस्ती राजा-राणीच्या हाती दिल्या.

आज आपण जी दालनं पाहायला जातो ती मुख्यतः चौदाव्या शतकातल्या दोन सुलतानांची, पहिला युसूफ आणि त्याचा मुलगा पाचवा मुहम्मद. हे जगज्जेत्यांचं काम नव्हे. चहूबाजूंनी वेढलेल्या, पैशाची ओढाताण असलेल्या दरबाराने हे उभं केलं. ते ध्यानात ठेवलं की पुढचं पुष्कळ उलगडतं.

बाहेरून पाहिलं तर महाल असल्याचा पत्ताच लागत नाही. कोमारेस या आतल्या महालाचा बुरूज 45 मीटर उंच आहे आणि त्याची बाहेरची भिंत अगदी कोरी. पुण्याचा जुना वाडा आठवा. रस्त्याकडे जाड भिंत आणि दिंडी दरवाजा, सगळं वैभव आतल्या चौकाभोवती. इथेही तसंच. शिवाय आत जायची वाट सरळ नाही. कोमारेस महालाच्या दर्शनी भिंतीत हुबेहूब सारखी दोन दारं आहेत. त्यातल्या एकातून वळणावळणाच्या अंधाऱ्या बोळात शिरायचं आणि मग एकदम उजेडात, 34 मीटर लांबीच्या हौदासमोर यायचं. तिथून आतली बाराखडी सुरू होते.

भिंतीचे तीन थर

कुठल्याही एका भिंतीसमोर उभे राहा आणि खालून वर बघा. कमरेपर्यंत किंवा जरा वर रंगीत, चकचकीत फरशीचे तुकडे. त्याच्या वर छतापर्यंत गिलाव्यातलं कोरीव काम. सगळ्यांत वर लाकूड.

ही वाटणी व्यवहारातून आली आहे. खालच्या भागाला माणसाची पाठ टेकते, पाणी उडतं, हात लागतो, म्हणून तिथे पुसून स्वच्छ होणारी भाजलेली फरशी. आपण स्वयंपाकघरात ओट्याच्या मागे टाइल्स लावतो त्यामागेही हाच विचार असतो. हात पोचत नाही तिथून वर नाजूक गिलावा. त्याच्या वर देवदार-पाइनचं हलकं लाकूड.

यातलं महाग काय आहे? फार थोडं. अंगणातले खांब आणि कारंजी संगमरवराची आहेत, बाकी चिकणमाती, जिप्सम, लाकूड आणि पाणी. ताजमहालासारखी दगडात रत्नं बसवलेली नाहीत. मला या जागेबद्दल सर्वांत जास्त प्रेम वाटतं ते यासाठीच. साध्या सामानावर माणसाने किती विचार आणि किती हाताची मेहनत खर्च केली, ते बघत राहावंसं वाटतं.

गिलाव्याचं काम कसं असतं ते बघायला स्पेनला जायची गरजही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर खालच्या भागात आणि घुमटाला आहे, मध्ये बराचसा बारीक गिलावा. ताजमहालाशी तुलना करून आपण त्या वास्तूला उगाच कमी लेखतो. गिलाव्यात फूल उमलवणं हे वेगळं कसब आहे, ते दगडाच्या मापाने मोजू नये.

फरशीचे तुकडे, रांगोळी आणि शंकरपाळे

आधी खालचा थर. दुरून तो छापील कागदासारखा दिसतो. जवळ गेलात की कळतं, प्रत्येक रंगाचा तुकडा सुटा आहे. कारागीर एकरंगी चकाकीची फरशी भाजायचा, मग हातोडीने आणि छिन्नीने तिचे हवे तसे आकार कापायचा आणि चित्रकोड्यासारखे एकमेकांत बसवायचा. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, लोहाचा मधासारखा पिवळा, मँगनीजचा काळपट जांभळा आणि कथलाचा पांढरा, एवढेच रंग.

दिवाळीत आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. आधी ठिपक्यांची जाळी, मग ठरावीक ठिपके जोडत आकार. बघणाऱ्याला शेवटी ठिपके दिसत नाहीत, कमळं दिसतात. इथेही नक्षीच्या तळाशी एक अदृश्य जाळी असते. ती काढायला लागतात फक्त कंपास आणि पट्टी. एक चौकोन काढा, त्याच मापाचा दुसरा चौकोन अर्धा काटकोन फिरवून त्यावर ठेवा. आठ टोकांची चांदणी तयार. अलहंब्रात ती इतक्या ठिकाणी भेटते की एकदा ओळखीची झाल्यावर घरचं कोणी दिसल्यासारखं वाटतं.

आता शंकरपाळे. पोळी लाटून तिरप्या रेघा मारल्या की सगळी पोळी शंकरपाळ्यांत जाते, कडा सोडल्या तर पीठ उरत नाही. तीच पोळी वाटीने गोल कापली तर मध्ये चिंधड्या उरतात. म्हणजे काही आकार जागा पूर्ण भरतात, काही भरत नाहीत. नसरी कारागिरांना हे नेमकं ठाऊक होतं आणि ते त्याच्याही पुढे गेले. समभुज त्रिकोण घ्या. प्रत्येक बाजूचा निम्मा भाग कमानीसारखा बाहेर फुगवा, उरलेला निम्मा तेवढाच आत खचवा. जितकं बाहेर आलं तितकंच आत गेलं, म्हणून एकूण जागा तेवढीच राहिली आणि तुकडे अजूनही एकमेकांत चपखल बसतात. पण त्रिकोण आता त्रिकोण राहिलेला नाही. तीन पात्यांचं, गरगर फिरणारं काहीतरी झालं आहे. स्पॅनिश लोक त्याला ‘पहारिता’ म्हणजे चिमणं पाखरू म्हणतात. कोमारेसच्या भागात ही पाखरं भिंतभर उडताना दिसतात. डच चित्रकार एशर 1922 मध्ये आणि पुन्हा 1936 मध्ये इथे आला, वहीत या फरश्या उतरवून घेतल्या आणि पुढे त्याच युक्तीने मासे, पक्षी, सरडे एकमेकांत गुंतवत राहिला.

गणितवाले इथे का येतात?

पुन्हा पुन्हा येणारी कुठलीही सपाट नक्षी चार हालचालींनी बनते. आकार सरकवायचा, गरगर फिरवायचा, आरशात उलटायचा, किंवा उलटून सरकवायचा. साडीच्या काठावरची कोयरी बघा, एक सरळ आणि पुढची उलटी. या हालचालींच्या एकत्र येण्याला गणितात सममितीचा प्रकार म्हणतात. सपाट पृष्ठभागावर सर्व दिशांना पसरणाऱ्या नक्षीसाठी असे प्रकार बरोबर 17 निघतात, अठरावा शक्य नाही. रशियन गणिती फेदोरोव यांनी हे 1891 मध्ये सिद्ध केलं.

सतराच्या सतरा प्रकार अलहंब्रात आहेत, असं सहलीच्या पुस्तिकांतून बिनदिक्कत छापलेलं असतं. अभ्यासकांत यावर एकमत नाही. 1944 मध्ये एडिथ म्यूलर यांनी आपल्या प्रबंधासाठी इथल्या नक्ष्यांचा शोध घेतला तेव्हा त्यांना सगळे प्रकार मिळाले नव्हते. 1980 च्या दशकात काही स्पॅनिश गणितज्ञांनी सतराही सापडल्याचं मांडलं. इतरांनी हरकत घेतली, कारण रंग धरायचे की सोडायचे, पट्टा वरून जातो की खालून ते मोजायचं की नाही, यावर आकडा बदलतो. मला हा वाद महत्त्वाचा वाटत नाही. सिद्धता येण्याच्या पाचशे वर्षं आधी, गणिताचं ते सूत्र कागदावर नसताना, कारागिरांनी हाताने करून बघत इतके प्रकार शोधले, ही खरी गोष्ट आहे.

भिंत स्वतःबद्दल बोलते

गिलाव्यात तीन गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात. चांदण्या-चौकटींची भूमिती, वेली-पानं, आणि अक्षरं. पहिल्या भेटीत अक्षरं नक्षीतच विरून जातात. पण दालनातल्या लोकांना ती वाचता येत होती, आणि हाच आपल्यात आणि त्यांच्यात मोठा फरक आहे. मोडी न येणाऱ्या माणसापुढे बखर उघडून ठेवली तर त्यालाही सुंदर वळणदार रेघाच दिसतील.

अरबी येत नसेल तरी एक वाक्य ओळखायला शिकून घ्या. ‘वला गालिब इल्ला अल्लाह’, म्हणजे ईश्वराखेरीज विजेता कोणी नाही. ‘गालिब’ हा शब्द आपल्याला शायरामुळे माहीत आहे, त्याचा अर्थ विजयी. हे नसरी घराण्याचं ब्रीद आहे. चारही बाजूंनी शत्रू असलेल्या, खंडणी भरणाऱ्या राजांनी आपल्या भिंतींवर शेकडो वेळा लिहावं ते हे वाक्य. उंच उभे दांडे आणि मध्ये गाठी मारलेली वळणं दिसली की बहुधा तेच असतं. एकदा नजरेला सापडलं की दर दहा पावलांवर दिसतं.

स्पेनच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासकांनी इथल्या लेखांची नोंद घेतली तेव्हा त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास भरली. सगळं कुराणच असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कुराणातली वचनं आणि कविता मिळून दहा टक्केही होत नाहीत. बाकी ब्रीद, आशीर्वाद, सुलतानाची स्तुती.

पण त्या थोड्या कविता विलक्षण आहेत, कारण त्यांत बोलते ती वास्तू. दोन बहिणींच्या दालनात, फरशीच्या पट्ट्याच्या वर, लांबट आणि गोल चौकटींतून 24 ओळींची कविता फिरते. ती सुरू होते तीच ‘मी बाग आहे’ अशी. कवी इब्न जमरक, पाचव्या मुहम्मदाच्या दरबारचा वजीर. (बहिणींची नावं शोधू नका. जमिनीत बसवलेल्या संगमरवराच्या दोन जुळ्या लाद्यांवरून दालनाला हे नाव पडलं आहे.)

मला सर्वांत भावलं ते याहून लहान ठिकाण. कोमारेसच्या दालनांच्या दारात, कमानीच्या जाडीत दोन्ही बाजूंना छोटे कोनाडे आहेत. आपल्या जुन्या घरात दाराशी असतात तसेच. तिथे पाण्याची सुरई ठेवलेली असे. कोनाड्याभोवतीची ओळ सांगते की माझ्यात उभी असलेली सुरई प्रार्थनेत गढलेल्या भक्तासारखी आहे. आता कोनाडा रिकामा आहे. अक्षरांच्या खोल खाचांत मात्र निळ्या रंगाचा कण अजून दिसतो, मोबाइलचा कॅमेरा नेऊन बघितलं तर लगेच. मूळच्या भिंती आजच्यासारख्या मलईच्या रंगाच्या नव्हत्या. निळा, लाल आणि सोनेरी असा त्यांचा थाट होता. तो कण बघितल्यावर मी सगळी भिंत मनात पुन्हा रंगवून पाहिली, आणि मला खरं सांगायचं तर थोडी भीतीच वाटली.

छताला लागलेलं मधाचं पोळं

आता मान वर करा. दोन बहिणींच्या दालनाचं छत असंख्य कोनाड्यांनी बनलं आहे. खालून बघताना मधाचं पोळं किंवा गुहेत लोंबणारे चुनखडीचे थेंब वाटतात. याला मुकर्नस म्हणतात. लहान लहान कोनाडे एकावर एक, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला, असं हे काम.

ही कल्पना का निघाली? चौकोनी खोलीवर गोल छत ठेवायचं तर चार कोपरे उघडे पडतात. विजापूरच्या गोलघुमटात हे कोडं एकमेकींना छेदणाऱ्या प्रचंड कमानींनी सोडवलं आहे. इराणपासून स्पेनपर्यंत अनेक ठिकाणी त्या कोपऱ्यांत छोट्या कोनाड्यांच्या पायऱ्या केल्या. ग्रानादाच्या कारागिरांनी पायऱ्या कोपऱ्यात न ठेवता सगळं छतच त्यांचं केलं. पाच हजारांहून जास्त तुकडे आहेत, पण त्यांचे मूळ आकार मोजकेच. लहान मुलाच्या ठोकळ्यांच्या खेळात चार-पाच जातीचे ठोकळे असतात आणि त्यांतून घर, पूल, गाडी सगळं होतं, त्यातलीच ही गत.

चौकोनातून अष्टकोन निघतो, अष्टकोनाच्या आठ बाजूंना जोडीजोडीने 16 खिडक्या. उजेड खालून, तिरपा येतो. सकाळी एका बाजूचे कोनाडे उजळतात, दुपारी दुसऱ्या. छत स्थिर असून वर काहीतरी संथ फिरत असल्याचा भास होतो. इब्न जमरकच्या कवितेतही ताऱ्यांचा उल्लेख येतो, तो उगाच नाही.

राजदूतांच्या दालनाचं छत याहून वेगळं, लाकडाचं. 8017 तुकडे जोडून केलेल्या चांदण्यांची सात वर्तुळं, एकावर एक. खालच्या पट्टीवर कुराणातला असा अध्याय कोरला आहे ज्यात ईश्वराने एकावर एक रचलेल्या सात आकाशांचा उल्लेख येतो. खाली सुलतान, वर सात आकाशं. परदेशी वकील दारातून आत यायचा तेव्हा सुलतान समोरच्या खिडकीत, उजेडाकडे पाठ करून बसलेला असे. त्याचा चेहरा दिसणं अवघड, आकाश मात्र पूर्ण दिसायचं. सजावटीने राजकारण कसं करतात ते इथे कळतं.

मग हे सगळं दिखाऊ नाही का?

हा आक्षेप रास्त आहे, म्हणून जरा थांबतो. सिंहांच्या चौकात 124 सडपातळ संगमरवरी खांब आहेत आणि त्यांच्यावर जाळीदार कमानी. त्या कमानी भार घेत नाहीत. खांबांच्या डोक्यावरून विटांचे छोटे स्तंभ वर जातात, त्यांवर लाकडी तुळया आहेत, छप्पर त्या तुळयांवर आहे. कमान म्हणजे मधल्या जागेत बसवलेला गिलाव्याचा पडदा. मुकर्नसचं छतही तसंच. बाहेरून बघाल तर वर साधं कौलारू छप्पर आहे.

‘म्हणजे खोटंच,’ असं माझ्या एका इंजिनिअर मित्राचं मत पडलं. मी सहमत नाही. भार कुठून जातो ते कारागिराला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो खांब इतके बारीक ठेवू शकला आणि मधला पडदा जाळीसारखा हलका करू शकला. हा भूकंपाचा प्रदेश आहे. खांबांच्या सांध्यांत शिशाचे पातळ पत्रे घातले आहेत, धक्का बसला तर दगडावर दगड आपटू नये म्हणून. सहाशेहून जास्त वर्षं हा पडदा उभा आहे.

इस्लामला चित्र चालत नाही, म्हणून नक्षी?

हे उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ असतं आणि ते अर्धंच बरोबर आहे. मशिदीत आणि कुराणाच्या प्रतीत सजीवांच्या आकृत्या टाळतात. राजवाड्यात तसा दंडक नव्हता. सिंहांच्या चौकाच्या मधोमध 12 संगमरवरी सिंह पाठीवर कारंजं घेऊन उभे आहेत. बाजूच्या राजांच्या दालनात कातड्यावर रंगवलेली छतचित्रं आहेत. एकात दहा पगडीधारी पुरुष बसले आहेत, दुसऱ्यांत शिकार आणि किल्ल्यातल्या स्त्रिया. म्हणजे चित्र काढता येत होतं आणि काढलंही. भूमिती ही त्यांनी आवडीने केलेली निवड होती. चित्राला चौकट लागते आणि ते तिथे संपतं. चांदण्यांची जाळी भिंतीच्या कडेला तुटते तेव्हा मात्र ती पुढे चालूच आहे असं वाटतं.

ही आवड धर्माच्या कुंपणातही राहिली नाही. ग्रानादाच्या कारागिरांनी 1360 च्या दशकात सेव्हिलच्या राजवाड्यात काम केलं, तेही पेद्रो या ख्रिस्ती राजासाठी. त्या भिंतींवर अरबी अक्षरांत ‘सुलतान’ पेद्रोची स्तुती आहे आणि नसरी ब्रीदसुद्धा.

फरशीच्या तुकड्यांना अरबीत ‘झुलैज’ म्हणत. त्यावरून पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत ‘अझुलेझू’, ‘अझुलेखो’ असे शब्द आले आणि पोर्तुगिजांबरोबर तो शब्द गोव्यापर्यंत पोचला. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली निळी-पांढरी चित्रं किंवा फोंतेन्यसमधल्या घरांवरच्या नावाच्या फरश्या बघताना हे नातं आठवावं, तंत्र वाटेत बदललं असलं तरी. आपल्या बोलण्यात तर ही दुनिया आधीच शिरलेली आहे. इमारत, हौद, फरशी, नक्षी हे सगळे मुळात अरबी शब्द. गौरीपुढे आपण महिरप उभारतो ती मशिदीतल्या ‘मिहराब’वरून आलेली.

पाण्याचं काम

पाणी इथे शोभेसाठी नंतर आणलेलं नाही. टेकडीवर पाणी नव्हतं, म्हणून पहिल्या मुहम्मदाने सर्वांत आधी दारो नदीचं पाणी सुमारे 6 किलोमीटर वरून पाटाने वळवून आणलं. पंप नाही, फक्त उतार. संभाजीनगरला मलिक अंबरची नहर आणि पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे हिशेब लगेच कळतील.

कोमारेसच्या हौदात पाणी मुद्दाम संथ ठेवलं आहे. दोन्ही टोकांना गोल उथळ पात्रं आहेत, त्यांतून ते हळू सोडतात, म्हणजे तरंग उठत नाहीत आणि 45 मीटरचा बुरूज हौदात उलटा उभा राहतो. सिंहांच्या चौकात तेच पाणी खळाळतं. कारंज्याच्या कडेवर इब्न जमरकची कविता आहे. तिचा भाव असा की वितळलेली चांदी संगमरवरावरून वाहते आहे आणि वाहतंय ते पाणी की दगड, ते कळेनासं झालं आहे. पुढे म्हटलं आहे, पात्रातलं पाणी काठोकाठ भरतं आणि लगेच नळीतून लपतं, जसे प्रेमिकाचे डोळे भरून येतात आणि लोकांच्या बोलण्याच्या भीतीने तो अश्रू आवरतो.

हे मूळचं किती, नंतरचं किती?

प्रश्न योग्य आहे. 1492 नंतर ख्रिस्ती राजांनी महाल पाडला नाही. त्यांना तो आवडला, त्यांनी राहायला घेतला आणि मुस्लिम कारागिरांकडूनच दुरुस्त्या करवल्या. सम्राट पाचव्या चार्ल्सने मात्र 1527 पासून आपला भलामोठा दगडी महाल शेजारी खेटून उभारायला घेतला. नेपोलियनच्या सैन्याने 1812 मध्ये जाता जाता काही बुरूज उडवले. एकोणिसाव्या शतकात डागडुजी करणाऱ्यांनी आपल्या कल्पनेतला ‘पूर्वेकडचा’ थाट घुसवला. सिंहांच्या चौकातल्या एका मंडपावर 1859 मध्ये रंगीत कौलांचा घुमट बसवला गेला, जो तिथे कधीच नव्हता. वास्तुविशारद तोर्रेस बाल्बास यांनी 1934 मध्ये तो काढून साधं छप्पर परत आणलं, तेव्हा ग्रानादात मोठा गदारोळ झाला. लोकांना खोट्या घुमटाची सवय झाली होती. सिंहांची अलीकडची दुरुस्ती 2012 मध्ये पुरी झाली.

एक छत तर देशाबाहेरच आहे. पार्ताल या इथल्याच दुसऱ्या महालाच्या बुरुजातलं लाकडी छत एका जर्मन मालकाने सोबत नेलं, ते आता बर्लिनच्या संग्रहालयात आहे. जागेवर प्रतिकृती आहे.

आणि आबेन्सेर्राखेस या सरदार घराण्याच्या नावाच्या दालनातल्या कुंडातला लालसर डाग हा तिथे कापलेल्या त्या सरदारांच्या रक्ताचा म्हणून दाखवतात. तो लोहाचा गंज आहे.

जाणार असाल तर

नसरी महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकवू नका. पासपोर्ट सोबत ठेवा, तपासतात. वर्षाला पंचवीस लाखांच्या आसपास माणसं इथे येतात, त्यामुळे एकांत मिळणार नाही. सगळी दालनं सारख्याच नजरेने बघायचा हट्ट सोडा. एक भिंत निवडा आणि तिच्यापुढे दहा मिनिटं राहा. आधी खालच्या फरशीत आठ टोकांची चांदणी शोधा, मग गिलाव्यात ब्रीदवाक्य, मग वर. फोटो नंतर काढा.

आणि जमेल तिथे वाका. हे लोक जमिनीवर, गादी-तक्क्यांवर बसत. म्हणून खिडक्या इतक्या खाली आहेत. उभ्याने बघणाऱ्याला सगळंच थोडं चुकीच्या उंचीवर दिसतं.

दुसऱ्या खेपेला मी दोन बहिणींच्या दालनामागच्या लिंदाराहाच्या सज्जात गेलो. तीन बाजूंना खिडक्या, खाली अलहंब्रातलं सर्वांत बारीक फरशीकाम, काही तुकडे नखाएवढे. गर्दी पुढे सरकल्यावर मी पादत्राणाची नाडी बांधायच्या निमित्ताने उकिडवा बसलो. एकदम सगळं जागेवर आलं. खिडकीची चौकट डोळ्यांसमोर आली आणि कमान डोक्यावर नीट बसली. इथली कविता सांगते की या बागेतला मी डोळा आहे आणि त्या डोळ्याची बाहुली म्हणजे आमचा राजा. तो इथे बसला की त्याला खाली बाग आणि पलीकडच्या उतारावरचं सगळं शहर दिसायचं. आता समोर सम्राट चार्ल्ससाठी बांधलेल्या खोल्यांची भिंत आहे. मी बसल्या उंचीवरून पाहिलं तर तिच्या अलीकडे सायप्रसची झाडं, एक छोटं कारंजं, आणि भिंतीच्या वर हातभर आकाश होतं.